कुणालची तिसरी परीक्षा

मांजलपूर, बडोदे
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय सुनंदाताई,

नमस्कार. लोणचं पोचलं, बरणी शाबूत आहे. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. बाकी आम्ही तिघंही मजेत. पत्र कसलं लिहितेस म्हणून हसू नकोस. फोनवर बोललं की हॉलमध्ये मामंजींना शब्द न् शब्द ऐकू जातो.

कॅनडाला जायचं म्हणून कुणाल आता तिसऱ्यांदा इंग्रजीच्या परीक्षेला बसतोय. नवऱ्याची मास्तरीण मीच. गाडी अजून सकर्मक-अकर्मकावर अडलीय. क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारायचं, उत्तर आलं तर सकर्मक, नाही तर अकर्मक. एवढंसं तर आहे! पण हा ‘शी सिंग्ज वेल’मधल्या ‘वेल’लाच कर्म म्हणतो. अरे बाबा, ते ‘कसं’चं उत्तर! ‘डिस्कस’ला कर्म थेट लागतं, तर त्याच्यामागे ‘अबाउट’ चिकटवतो. शंभरदा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

दर रविवारी सकाळी सेव-उसळ झाली की मामंजी त्याची वही घेऊन बसतात. रेल्वेतून रिटायर झाले, पण तपासणीची सवय गेली नाही. लाल खुणा मोठ्याने वाचतात आणि बघतात माझ्याकडे.

आता तुला न सांगितलेलं सांगते. इथल्याच अकोटा भागातल्या एका शाळेत मला नोकरी मिळाली आहे. नववीला इंग्रजी! सहा वर्षांनी पुन्हा वर्गात, ताई! पण मामंजी म्हणाले, “आधी घरातला विद्यार्थी पास कर. घरात ही गत, तर बाहेर काय दिवे लावणार?”

गेल्या आठवड्यात मी पोळ्या करत होते. शेजारची सानवी व्याकरण विचारायला आली, तर कुणालच तिला समजावायला बसला. “जो, हे बघ, क्रियापदं पाठ नको करू, वाक्य बघ. ‘शी सिंग्ज अ भजन’, काय गाते? भजन. सकर्मक. ‘शी सिंग्ज वेल’मध्ये काय गाते ते आहे? नाही ना? मग अकर्मक. क्रियापद एकच, वाक्यात कामं दोन.” माझी पोळी तव्यावर करपली. इतकं स्वच्छ मलाही सांगता आलं नसतं.

सानवी गेल्यावर विचारलं, तर त्याने खालमानेने कबूल केलं. त्याला जायचंच नाहीये. इथली कंपनी, इथले मित्र सोडवत नाहीत, आणि पप्पांना तोंडावर नाही म्हणायची छाती नाही. म्हणून मुद्दाम नापास होतोय, दोन वर्षं! वर म्हणाला, “माझ्या गळ्याची शपथ, पप्पांना बोलू नको. वांधा होईल.”

बोलले नाही गं. गुरुवारी मामंजींनी समोर बसवून मला शाळेच्या निरुपमाबाईंना फोन करायला लावला. “मला जमणार नाही,” असं मी माझ्या तोंडाने म्हटलं. बाई म्हणाल्या, “सोमवारी सकाळपर्यंत जागा ठेवते, विचार करा.” कुणाल शेजारीच होता. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणतो, “यशू, तू शिकवतेस मात्र मस्त हं.” ताई, हातातला झारा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. मग मी रडले.

आज सकाळी तो ड्यूटीवर गेल्यावर मी शपथ मोडली. मामंजींना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी सुटले.

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, “ठाऊक आहे मला. पोरगा माझा आहे, मला कळणार नाही? पण सोसायटीभर सांगून बसलोय, कुणाल कॅनडाला चालला म्हणून. मुलाला जायचं नाही, असं कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा सूनबाईला शिकवायला जमलं नाही, हे लोकांना पटतं.” आणि चहा मागितला. मी करून दिला.

सोमवारी सात वाजता मी शाळेत जाणार आहे. कुणाला विचारणार नाही. संध्याकाळी घरात घेतील की नाही, देव जाणे. आईला इतक्यात काही कळू देऊ नकोस. आणि मी एखाद्या रात्रीच्या गाडीने तुझ्याकडे आलेच, तर काय झालं ते विचारू नकोस. फक्त दार उघड.

तुझी, तूर्त बडोद्याची,
यशश्री