बर्फातल्या गावाचा मुखत्यार

५ जानेवारी, सकाळ
आजपासून राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतल्या नीतिशास्त्राच्या पेपरची तयारी. पद्धत सर्वस्वी माझी. अभ्यासिकेतली मेंढरं गाइड घोकतात. मी प्रत्यक्ष निर्णय घेणार. त्यासाठी लॅपटॉपवर एक गेम टाकलाय. बर्फात अडकलेलं गाव, बाहेर दरोडेखोर आणि मी गावाचा मुखत्यार. एकेक माणूस समोर येऊन आपली कहाणी सांगतो. आपण ठरवायचं : माफी की हद्दपारी. याहून चांगल्या केस स्टडी बुलढाण्यात कोण देणार?

लॅपटॉप महामायाताईनं ऑनलाइन क्लाससाठी घेऊन दिला होता. गेमही ऑनलाइनच घेतलाय. ताई माझी थोरली बहीण, स्टाफ नर्स आहे, मी तिच्याकडेच राहतो.

पूर्वपरीक्षा १ फेब्रुवारीला. ती औपचारिकता. मागच्या दोन वेळा जे झालं ते पेपर काढणाऱ्याच्या दर्जामुळे.

७ जानेवारी
पहिली केस. गावची डॉक्टरीण, इर्मा. दरोडेखोरांच्या जखमींना चोरून औषध देते. म्हणे त्या बदल्यात ते गावावर चाल करत नाहीत. असले युक्तिवाद खूप ऐकलेत. गद्दार ती गद्दार. हद्दपार.

अभ्यासिकेतला देवानंद आला होता. स्क्रीन पाहून म्हणाला, "अबे, आता आजाऱ्याले कोन पाहीन?" हा माणूस ग्रामसेवकापासून वनरक्षकापर्यंत दिसेल ती परीक्षा देतो. त्याच्याकडून तत्त्वाची अपेक्षा नाही.

१० जानेवारी
बेकरीवाला योसेफ. पिठात लाकडाचा भुसा मिसळतो. का, तर पीठ कमी आणि तोंडं जास्त. सरळ सरळ भेसळ. रडायला लागला. मी रडणं स्किप केलं. हद्दपार.

११ जानेवारी
गावात पाव मिळत नाही. लोक उपाशी आहेत, पण भेसळ बंद.

१६ जानेवारी
वेशीवरचा पहारेकरी. दिवस मावळल्यावर वेस उघडायची नाही असा नियम. यानं थंडीत कुडकुडणारं एक कुटुंब आत घेतलं. कुटुंबासकट हद्दपार. मधल्या केसेस धरून गावात माणसं निम्मी राहिली. शिस्त दुप्पट झाली.

देवानंदला सांगितलं, तर त्याला चहा प्यायला जायची घाई.

१९ जानेवारी
गावाकडून, वरवट बकालहून, आईचा फोन. ताईनं उचलला. "शेखर ना? अभ्यासिकेत गेला. लय अभ्यास करून राह्यला." मी तिच्यासमोर पलंगावर बसून खेळत होतो! ठार खोटं, आणि चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. नंतर म्हणाली, आईचं बीपी वाढते, उगी काळजी करत बसन. इर्मासुद्धा असंच काहीतरी सांगत होती.

ठराव : घरातलं माणूस म्हणून सूट नाही.

२० जानेवारी
कर्तव्य पार पाडलं. आईला स्वतः फोन करून कळवलं की ताई खोटं बोलते, मी या महिन्यात अभ्यासिकेत पाऊलही टाकलेलं नाही. आई म्हणाली, "मंग तू दिवसभर करतं काय बाप्पा?"

तो मुद्दाच नव्हता. सामान्य माणसाला मुद्दा कळत नाही.

जेवताना ताई एक शब्द बोलली नाही. अपराधी मन.

२३ जानेवारी
आई आली. शेगावला एक, खामगावला एक, अशा बस बदलून. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि ठेचा. माझ्याशेजारी बसून गेम पाहिला. मी योसेफचा निकाल सविस्तर समजावला. ती म्हणाली, "लेकरायचं पोट भरत होतं ना त्याच्या हातानं? मंग बलाव त्याले परत."

परत बोलावता येत नाही, गेममध्ये तशी सोयच नाही, असं सांगितलं.

"असा कसा रे खेय हाये हा?"

नंतर स्वयंपाकघरात दोघी हळू आवाजात बोलत होत्या. ताई रडत होती असं वाटलं. कांदा असेल.

२४ जानेवारी
आई सकाळच्या बसनं परत गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. निकाल पटला असावा.

१ फेब्रुवारी
पूर्वपरीक्षा. गेलो नाही. बूट घातले होते. पण चार पर्यायांत माणसाची लायकी ठरत नाही, हे तत्त्व. (गेममध्ये दोनच पर्याय असतात. ते वेगळं.) शिवाय गेममध्ये बर्फ वितळायला लागलाय, दरोडेखोरांची वाट मोकळी होतेय. ऐनवेळी गाव वाऱ्यावर सोडून मुखत्यार जात नसतो. ताईनं करून दिलेला डबा घरीच खाल्ला.

ड्युटीवरून आल्यावर तिनं विचारलं, "कसा गेला पेपर?" गेलोच नाही म्हणून सांगितलं. खोटं बोललो नाही, याची नोंद घ्यावी. ती युनिफॉर्म न बदलताच खुर्चीत बसून राहिली. चहासुद्धा केला नाही. शेवटी मीच विचारलं, चहा?

३ फेब्रुवारी
दरोडेखोर आले. वेशीवर कोणी नव्हतं. जखमींना पाहायला कोणी नव्हतं. उरलेल्या तीन गावकऱ्यांनी माझीच सुनावणी घेतली. तिघांचं एकच मत : हद्दपार. मी बर्फातून चालत निघालो आणि गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली. लेखक कच्चा आहे. शेवट जमलेला नाही. एक स्टार दिला.

ताईनं आज सांगितलं, नागपूरच्या नर्सिंगच्या पुढच्या कोर्सला ती मागच्याच वर्षी जाणार होती. माझ्यासाठी थांबली. आता जाते, खोली सोडते. मी म्हटलं, रागाच्या भरात निर्णय घेऊ नये.

"राग नाही रे," ती म्हणाली. "तू आईले खरं सांगून टाकलं, बरं झालं. आता मले कोनासाठी खोटं बोलाचं काम नाही."

लॅपटॉप तिला कोर्सला लागेल म्हणे.

८ फेब्रुवारी, वरवट बकाल
तात्पुरता मुक्काम. खेड्यात एकाग्रता चांगली होते.

संध्याकाळी शेजारच्या मनकर्णाबाई आल्या. आई अंगणात ज्वारी निवडत होती. मला पाहून त्यांनी विचारलं, शेखर काऊन घरी?

आई मान वर न करता म्हणाली, "पेपर झाला ना त्याचा. निकालाची वाट पाहून राह्यला."

आईला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी तोंड उघडलं. आईचे हात सुपातच थांबले होते. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मनकर्णाबाई माझ्याकडे वळल्या. "कसा गेला रे पेपर?"

"सोपा होता, काकू," मी म्हणालो.