दुप्पट व्हायला किती दिवस

आय, आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि सकाळपासून मी चौथ्यांदा या टेबलाशी येऊन बसले आहे. मधे उठून कपडे वाळत घातले, ओलेच काढून आणले, पुन्हा घातले. पालघरमधलं हे घर तू पाहिलं नाहीस. मी इथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तेही तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझा एम.एस्सी.चा निकालसुद्धा लागला नव्हता. बावीस वर्षं झाली. परवा वर्गात एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

ती सांगायच्या आधी खारवलेल्या घोळ माशांचं सांगते, कारण माझं सगळं शिकवणं तिथून सुरू होतं. मी अकरावीत होते. तू मावशीकडे गेली होतीस आणि मासे खारवायचं काम माझ्यावर टाकलं होतंस. बारीक तुकड्यांना मिठात तीन दिवस लागतात हे मला माहीत होतं. जाड तुकडे बरोबर दुप्पट जाडीचे होते, म्हणून मी सहा दिवस धरले, आणि आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं. तू आलीस, पिंपाचं झाकण काढलंस, एका तुकड्याच्या मध्यभागी बोट दाबलंस. बोट आत गेलं. वास आला. सगळा माल तू मागच्या खड्ड्यात पुरलास आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणालीस, "जाडी दुप्पट झाली म्हणून दिवस दुप्पट नाय करायचे. चौपट करायचे. मीठ काय रस्त्यानं चालत जातं काय? जितकं आत जाईल तितकं हळू व्हतं." मी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं. "कोणी शिकवाया कशाला लागतं? टाकून दिलेत की इतके मासे."

पुढे कॉलेजात फळ्यावर तेच, अंतराच्या वर्गाचं सूत्र आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पेशीच्या आत साखर, प्राणवायू, सगळं तसंच जातं, धडपडत, वाट न ठरवता. अंतर दुप्पट तर वेळ चौपट, अंतर दसपट तर वेळ शंभरपट. मी मुलांना आधी पेशीचं चित्र काढूच देत नाही. आधी अंदाज करायला लावते. पेशी चिकूएवढी असती तर साखरेचा कण मध्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? मुलं म्हणतात, एक मिनिट. हिशेब करून बघतात तर दोनेक दिवस निघतात, आणि मग कोणीतरी आपणहून म्हणतं, मॅडम, तोवर मधला भाग मरेल. तेव्हा पेशी लहान का असते ते त्यांना पाठ करावं लागत नाही. खऱ्या पेशीत तोच प्रवास पापणी लवायच्या आत होतो. अशा वेळी वर्ग शांत होतो ना, ती शांतता मला फार आवडते. ती तुझ्यामुळे आहे, आणि हे मी वर्गात एकदाही सांगितलेलं नाही.

आता गाठीचं. तो दिवस मला असा दिसतो : तू चुलीपाशी बसली आहेस, मी दारात एम.एस्सी.च्या पहिल्या सत्राची वही घेऊन, आणि तू सहज म्हणतेस, "इथं हात लाव बघू." मी लावते. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी, टणक. "दुखत नाय," तू म्हणतेस. "तुझी परीक्षा होऊ दे. मग जाऊ." मी मान हलवते आणि वहीत बघते. पेशींबद्दलच काहीतरी पाठ करत होते मी. मग सहा आठवड्यांनी आपण बोईसरच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथून मुंबईला. तिथले मोठे डॉक्टर कागद चाळत म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते कोणाकडे बघून बोलले नाहीत. पण खोलीत आपण दोघीच होतो, आणि आणणारी मी होते. दीड वर्ष तू काढलंस.

ते एक वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं फिरत राहिलं, आणि नोकरी लागल्यावर एकदा मी ते गणिताने मोडून काढलं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. हरभऱ्याएवढ्या गाठीत शंभर कोटी पेशी धर. एकीपासून तिथवर यायला फक्त तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. दर दुपटीला शंभर दिवस धरले तर आठ वर्षं. म्हणजे तू मला हात लावायला सांगितलंस तेव्हा ती गाठ आठ वर्षांची होती, मी सातवी-आठवीत होते तेव्हापासूनची, घोळ नासली त्याच्याही आधीची. मग सहा आठवडे म्हणजे काय? अर्धी दुप्पटसुद्धा नाही. कागदावर ते उत्तर आलं त्या दिवशी मी पोटभर जेवले, आय. तेव्हापासून दरवर्षी मी हे उदाहरण वर्गात घेते. एक बाई होती, तिची गाठ, तिच्या घरच्यांनी सहा आठवडे उशीर केला, सांगा बघू, काय फरक पडला? मुलं हिशेब करतात आणि म्हणतात, फारसा नाही. दरवर्षी तीस-चाळीस मुलं मला निर्दोष सोडतात.

परवा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. पाम गावाहून येते, वडील तारापूरच्या कारखान्यात कामाला, घरी हिंदी बोलतात. म्हणाली, "मॅडम, शंभरच दिवस का धरायचे? तीस धरले तर?"

मी म्हटलं, "उदाहरण आहे. खाली बस."

"पण मॅडम, तुम्हीच सांगता ना, आकडा कुठून आला ते आधी विचारा."

"खाली बस म्हटलं ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मुलगी बसली. तिचा चेहरा पडला होता. मी तास अर्ध्यावर सोडला.

संध्याकाळी ती फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होती. मी गेले आणि म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता, माझं चुकलं. तिने विचारलं, "मॅडम, ती बाई कोण होती?" मी सांगितलं, माझी आई. मला वाटलं ती आता काहीतरी सांत्वनाचं बोलेल. तिने दप्तर उघडलं, वही काढली आणि म्हणाली, "मग तीसवाला पण करून बघू या ना." फाटकाच्या कट्ट्यावर बसून आम्ही केला. शंभर दिवस धरले तर सहा आठवड्यांत गाठ जेमतेम तिसऱ्या हिश्शाने वाढते. तीस धरले तर ती अडीचपट होते, आणि थोडी वरच. दोन्ही प्रकारच्या गाठी असतात.

"मग खरं कुठलं?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "एकाच मापावरून वेग कळत नाही. मधे दिवस जाऊ देऊन दुसरं माप घ्यावं लागतं."

"आणि ते नाही?"

"नाही," मी म्हटलं. तिची रिक्षा आली. जाताना तिने हात केला, मीही केला, आणि घरी चालत आले. कोळगावच्या रस्त्याला वळायचं सोडून सरळ कुठेतरी गेले आणि परत फिरले.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की कॉलेजच्या जुन्या पेपरांबरोबर रद्दीत जाईल. म्हणून लिहिते. परीक्षा चार आठवड्यांनी संपली होती. शेवटचा पेपर देऊन मी घरी आले, तू न्हाऊन केस पुसत होतीस, आणि मी म्हटलं, बघू गं, आहे का अजून. तू हसलीस. मी हात लावला. ती हरभऱ्याएवढी राहिली नव्हती, वाढली होती. मी म्हटलं, "तेवढीच आहे." त्यानंतरचे दोन आठवडे परीक्षेचे नव्हते, आय. मला भीती वाटत होती.