मागचे दोन प्लग

सोमवार, ३ मार्च

आली एकदाची महाराणी! बारा सिलिंडरची जुनी गाडी, सतरा फूट लांबी, आणि सोबत गळ्यात मफलर गुंडाळलेला मालक. "चालू इंजिनवर नाणं उभं ठेवा, पडणार नाही!" ठेवलं. नाही पडलं. तेवढं कौतुक खरं. बाकी नाव मोठं, लक्षण खोटं. पेट्रोल घटाघटा पिते, दहा मिनिटांत तापते, चढावर धापा टाकते.

सहा वर्षांपूर्वी हिचं सगळं काम बाबांनी केलं होतं — गॅरेज माझ्या हाती देण्याआधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम. नंतर मालक चार गॅरेजं फिरून आलाय. त्या चार गाढवांनी काय दिवे लावलेत ते बघू!

मंगळवार, ४ मार्च

सापडलं. मागचे दोन सिलिंडर मेलेत, त्यांचे प्लग ठिणगीच देत नाहीत. साधी गाडी असती तर धडधडून गल्ली डोक्यावर घेतली असती. ही बाई दहांवरसुद्धा लोण्यासारखी चालते, कुणाला पत्ता लागू देत नाही. म्हणून तर कामचोरांचं फावतं.

बुधवार, ५ मार्च

चार तास! मागचे दोन प्लग दिसतच नाहीत. कोपरापर्यंत हात खुपसून बोटांनी चाचपून काढायचे. सालटी निघाली. प्लग काळे ठिक्कर, किती वर्षांचे देव जाणे. दहा बदलायचे आणि बारा बदलले म्हणून सांगायचं — थू! असल्यांनी भाजी विकावी.

मालक तापलाय. "नाव द्या. क्लबात सगळ्यांसमोर सांगतो." म्हटलं, शोधून देतो.

गुरुवार, ६ मार्च

जेवताना बाबांना प्लग दाखवले. चौघांना यथेच्छ शिव्या घातल्या, फार मजा येत होती. बाबांनी चमचा खाली ठेवला.

"त्या चौघांनीही काढले नसतील. पण आधी सोडले ते मी."

मला वाटलं, चेष्टा.

"बोटं वळत नव्हती रे तेव्हा. तीन दिवस प्रयत्न केला. तुला सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

बसवलंच असतं. वाईट वाटलं, आणि रागही आला — सहा वर्षं एका घरात राहून मला कळलं नाही, याचा.

शुक्रवार, ७ मार्च

मालकाला सांगितलं — तेव्हा मागचे दोन प्लग बाबांनी माझ्यावर सोपवले होते, मी कंटाळा केला. तो मला नखशिखांत न्याहाळत म्हणाला, "बापाची सर नाही तुला."

म्हटलं, नाही.