उलटी काच

स्टुडिओ, ३ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ. (द्यायचे म्हणून देतो.)

लेन्स परत मिळाली. तुझ्या बाबाची पंच्याऐंशी एम.एम.ची लेन्स तू बुरशी काढायला म्हणून नेलीस आणि परत आलं ते भलतंच काहीतरी. काल हॉस्पिटलच्या सहा नर्सबाया फोटोला बसल्या. डिजिटल कॅमेऱ्याला तूच दिलेला ॲडॉप्टर लावून नेहमीसारखे फोटो काढले. एकेकीच्या चेहऱ्यावरचा केस न् केस, मुरूम न् मुरूम! एकजण म्हणाली, एवढं तर त्वचेचे डॉक्टरसुद्धा बघत नाहीत. मेट्रनबाई म्हणाल्या की लेन्स तुझ्याकडे जायच्या आधी काढलेल्या वीसजणी कशा सकाळच्या उजेडात बसल्यासारख्या दिसतात, आणि या सहाजणी पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या.

सगळे फोटो हॉस्पिटलच्या एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागणार आहेत आणि महिनाअखेरीस द्यायचे आहेत. हे काम हातचं गेलं तर स्टुडिओला कुलूप, हे काकूने तुला सांगितलंच असेल. तेव्हा काय उपद्व्याप केलास ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू शब्द फिरवतेस.

— काका


७ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न.

शब्द मी फिरवत नाही, तुम्ही ऐकत नाही. पण लेखी बरं. लेखीत कुणाला मध्येच ओरडता येत नाही.

लेन्स उघडली तेव्हा पुढून दुसरी काच उलटी बसवलेली सापडली. तिची फुगीर बाजू पुढे हवी, ती मागे होती. बाबांनी कधीतरी साफसफाई करताना घोळ घातला असावा. मी ती सुलटी केली आणि आमच्या प्रकाशशास्त्राच्या लॅबमध्ये तपासून घेतली. कारखान्यातून आली तेव्हा लेन्स जशी होती, तशी ती आता आहे.

हे तुम्हाला सांगणार नव्हते. बाबांचा आणखी एक घोळ तुमच्या हाती द्यायची इच्छा नव्हती. तुम्ही त्यांना आयुष्यभर गोंधळ्या म्हणालात, चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर. ते गेल्यावर तरी नवं निमित्त नको होतं.

नर्सबायांना मुरूम आहेत. ते लेन्सने आणलेले नाहीत.

काकूला नमस्कार.

— तुमची पुतणी


स्टुडिओ, १० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद शिल्लक असतील तर घे.

अगं शहाणे, काच उलटी आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण लेन्स बिघडलेली आहे हे तुझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. एका उन्हाळ्यात गोंधळ्याने ती उघडली आणि तेव्हापासून फोटो मऊ यायला लागले. मध्ये चेहरा बरा, आणि भोवती सगळं विरघळल्यासारखं. मी त्याला चार शिव्या घातल्या. तो नुसता हसला. गिऱ्हाइकांनी मात्र रांगा लावल्या! त्या बिघाडावर दोन घरं जेवली. तू ज्या कॉलेजात जाऊन एवढी ताठ झालीस, तेही त्याच उलट्या काचेतून आलंय.

तुझी काकू म्हणते पोरीला नीट समजावून लिहा. हे नीट समजावून लिहिलंय. लेन्स परत पाठवतोय. जो घोळ त्या धांदरटाने एका खुर्चीवर बसून घातला, तो तू तुझ्या सगळ्या यंत्रांनिशी घालून दाखव.

— काका


१६ फेब्रुवारी

ती. काकांस,
नमस्कार.

काच पुन्हा उलटी केली. घोळ होत नाही. का होत नाही ते सांगते, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

काच नुसती उलटी केली की फोकस सरकतो. रिंग टोकापर्यंत फिरवली तरी समोर बसलेल्या माणसाचा चेहरा स्पष्ट होत नाही, त्याच्या मागची भिंत होते. अशा लेन्सने बाबांना एकही फोटो काढता आला नसता. म्हणजे आत आणखी काहीतरी होतं. ते मी फेकलं. काचेखाली काळ्या कागदाच्या दोन कड्या होत्या, हाताने कापलेल्या, कडेला जरा वेड्यावाकड्या. मला तो जुना कचरा वाटला. चूक माझी आहे, आणि ती एवढीच आहे.

आता दुसरी गोष्ट. धांदरटपणाने काच उलटी बसवणारा माणूस तिच्याखाली मोजूनमापून कागद घालत नाही. बाबांनी ती मुद्दाम उलटी केली. कागद कापायचा, बसवायचा, फोटो काढायचा, रोल धुऊन बघायचा, नाही जमलं तर पुन्हा उघडायचं. त्यांचा तो अख्खा उन्हाळा यातच गेला असणार. मला पडद्यावर चित्र दहापट मोठं करून लगेच दिसतं, तरी हात दुखून आले. नव्या कड्या जवळजवळ जमल्या आहेत.

लेन्स महिनाअखेरीच्या आत मिळेल. अट एकच. गोंधळ्या हा शब्द मागे घेतला, असं लिहून पाठवा. तोवर लेन्स माझ्या टेबलावर राहील.

— तुमची पुतणी


स्टुडिओ, १९ फेब्रुवारी

मोजपट्टी,

लेन्स अडवून माझ्याकडून लिहून घेणार? ठेव टेबलावर. पेपरवेट म्हणून वापर. मेट्रनबाईंना निरोप पाठवलाय की काम दुसऱ्या कुणाला द्या.

तू म्हणतेस ते खरं असेल तर गोंधळ्या नव्हताच तो. चोर होता. एका दुकानात, एका काउंटरमागे आम्ही दोघांनी जन्म काढला. एका डब्यात जेवलो. मी वर्षानुवर्षं त्याला गोंधळ्या म्हणत राहिलो आणि हा मिशीत हसत ऐकत राहिला. एकदा तरी म्हणायचं होतं की दादा, हा बिघाड नाही, हे मी केलंय, ये इकडे, बघ. मी काय परका होतो? सांगितलं असतं तर आज तुझ्या दारात उभं राहायची पाळी आली नसती.

काढ आता याचं माप.

— काका


२३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न.

लेन्स या पत्राबरोबर पाठवते आहे. अट काढून घेतली.

तुम्ही बाबांना चोर म्हणालात. त्यावर वाद घालणार नाही. त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं, आणि माझा तर विषयच तो आहे.

मेट्रनबाईंना मी फोन केला. तुमचा निरोप त्यांनी मनावर घेतलेला नाही. तुम्ही वर्षातून दोनदा तरी काम सोडता, असं त्या म्हणाल्या. त्या सहाजणी आणि उरलेल्या सगळ्या गुरुवारी येतील. दुकान उघडं ठेवा आणि दाढी करा.

आत काय आहे ते लिहून ठेवते. काचेची फुगीर बाजू मागे. तिच्याखाली आधी जाड कडी, मग पातळ. दोन्ही पितळेच्या आहेत, कागद दमटाने फुगतो. माणसाला खुर्चीत बसवून काढायचं तेवढंच अंतर यात जमतं. लांबचं काही काढायला जाऊ नका, येणार नाही. ॲपर्चरचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा, लहान केलंत की मऊपणा जातो. फोकस जुळला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर कडा लाल दिसायची सोय चालू करून दिली होती, ती तुम्ही बंद केली असणार. चालू करा. तुमचे डोळे आता सत्तरीचे आहेत.

हे तुमच्यासाठी म्हणून लिहिलेलं नाही. सांगून ठेवायची पद्धत या घरात कुणीतरी सुरू करायला हवी होती.

आणखी एक. बाबांनी कागदाच्या कड्यांनी काचांमध्ये साधलेलं अंतर कचऱ्यात गेलं. आता आत आहे ते माझं आहे, आणि ते अगदी तसंच नाही. आधीचे वीस फोटो आणि हे फोटो शेजारी लागतील तेव्हा दुसऱ्या कुणाला कळणार नाही, तुम्हाला कळेल. म्हणून यापुढे गिऱ्हाइकांना भावाची लेन्स म्हणून सांगू नका. पुतणीची म्हणा, किंवा काहीच म्हणू नका.

पहिला फोटो निघाला की पाठवा. चांगला आलाय, असलं काही लिहू नका. मूळ फाइल पाठवा, मी बघेन.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. रीत म्हणून लिहिते.

— तुमची पुतणी