जेलातो म्हणजे गोठवलेलं

शुक्रवार, ८ मार्च

आज भर दुकानात नाक कापलं गेलं! मागे मालकांच्या मुलीनं विचारलं होतं, जेलातो म्हणजे काय रे, तेव्हा मी ठोकून दिलं होतं – राजाकडच्या एका आचाऱ्याचं नाव. तेच तिनं आज स्थळ म्हणून आलेल्या त्या प्राध्यापकाला कौतुकानं सांगितलं. तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. शांतपणे म्हणाला, नावबिव काही नाही, साधा इटालियन शब्द आहे, अर्थ 'गोठवलेलं'. मुळात लॅटिनमधल्या 'गोठवणे'वरून आलेला, जेलीसुद्धा त्याच घराण्यातली. तिकडे म्हणे सगळ्याच आइस्क्रीमला जेलातो म्हणतात.

काका – दुकानाचे मालक, तिचे वडील – माना डोलावत होते. मग माझ्याकडे वळून, "कॉलेज पुरं केलं असतंस तर तुलाही कळलं असतं हो."

ती कप पुसत राहिली. तोच तोच कप.

शनिवार, ९ मार्च

प्राध्यापकाचे आईवडील सोमवारी येणार. त्या दिवशी दुकान बंद, म्हणून त्यांना इथेच बसवायचं, पिस्त्याचा जेलातो खिलवायचा आणि लग्नाचं पक्कं करायचं. वाढायला मी. मी!

तिला गाठून विचारलं, तुला पसंत आहे का तो?

"मला कुणी विचारलंय? तू पहिलाच." आणि गेली आत.

आता यातून मी काय समजायचं?

रविवार, १० मार्च

केलं.

काका जेवायला गेले तेव्हा फ्रीजरचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. आपला माल आइस्क्रीमपेक्षा जरा कमी थंडीत ठेवतात, म्हणून तर तो मऊ राहतो. थंडी वाढवली की दगड. गोठवलेलं हवंय ना त्याला? खा म्हणावं!

रविवारच, नंतर

नाही जमलं. काका जेवून आले ते थेट मला नखं दाखवायला – हिरवीगार. सगळे पिस्ते स्वतः सोललेत, पोरीसाठी. ते गल्ल्यावर बसल्यावर गुपचूप बटण होतं तिथं आणून ठेवलं. ती दारात उभी होती. तिनं पाहिलं की नाही, कोण जाणे.

होऊ दे तिचं लग्न.

सोमवार, ११ मार्च

दगड!

चमचा रुतेचना. प्राध्यापकाच्या वडिलांनी जोर लावला तर ढेकूळ उडून त्यांच्या बायकोच्या मांडीवर. बाई पदर झटकत उठल्या. आज राहू दे, मग बघू, म्हणाल्या. प्राध्यापक बिचारा रुमाल शोधत होता.

पाहुणे गेल्यावर काकांनी बटण पाहिलं. मग मला. मी कळवळून म्हणालो, काका, मी परत जागेवर ठेवलं होतं!

"म्हणजे आधी हलवलं होतंस," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

माझं तोंड म्हणजे ना! पण मी खरंच ठेवलं होतं. की घाईत उलट्या बाजूला फिरवलं? डोकं फुटायची वेळ आलीय.

मंगळवार, १२ मार्च

एप्रन परत द्यायला गेलो. काका नव्हते. तिनं तो घेतला, घडी घातली आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवला.

"तू नीट लावून गेला होतास. दुकान बंद करताना मीच पुन्हा फिरवलं. बाबा आले की सांगणार आहे. तू थांबशील तोवर?"

थांबलोय. इथंच बसून लिहितोय. ती शेजारी कप पुसतेय.

काकांची स्कूटर वाजली.