रंगखोलीत भट्टी की दिवे

१९ नोव्हेंबर

पेटली! पुन्हा तीच भट्टी पेटली. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आणि सकाळी बघते तर रंगखोलीच्या धुराड्यातून काळाकुट्ट धूर. थंडीत गाडीचा रंग वाळत नाही, ओल्या रंगावर धूळ बसते, खोली गरम ठेवावीच लागते – हे मला कोणी शिकवू नये. लग्न होऊन आले तेव्हापासून रिसोड रोडवरचं हे गॅरेज बघतेय. पण म्हणून इंजिनाचं जळकं ऑइल जाळायचं? ऊब जाऊ नये म्हणून खिडक्यांना ताडपत्री ठोकायची? आणि त्या बंद खोलीत माझा नवरा रंगाचा फवारा मारणार. नाकाला काय, तर रुमाल!

ह्यांचा खोकला आता नळ चालू असताना पण ऐकू येतो.

२४ नोव्हेंबर

बहिणीकडे अकोल्याला गेले होते. येताना मुद्दाम गॅरेजच्या सामानाच्या दुकानात शिरले. दुकानदार आधी माझ्या मागे बघत राहिला – बाईसोबत कोणी माणूस आहे का! मग बोलला. डिझेलवरचं गरम हवेचं यंत्र घेतलं तर अख्खी खोली तापवा, दारं लावून बसा. म्हणजे आमच्या भट्टीचीच थोरली बहीण. इन्फ्रारेड दिव्यांचं तसं नाही. जिथं रंग मारला तिथं दिव्यांचा स्टँड उभा करायचा. पत्रा तापतो, खोली नाही. म्हणून वीज थोडी लागते, आणि फवारा मारताना मोठा पंखा लावून सगळी वाफ बाहेर काढता येते.

विजेची बचत गेली खड्ड्यात. पंखा लावता येतो, एवढंच मी ऐकलं.

२५ नोव्हेंबर

गॅरेज दोघा भावांचं, पण शब्द चालतो उत्कर्षदादांचा. ते इंजिनाचं काम बघतात, धम्मरत्न – म्हणजे हे – रंगाचं. दादा ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. ते आले की डोक्यावर पदर आणि मी दाराआड. चहासुद्धा माझ्या लेकीच्या, पिंकीच्या हातून जातो. दादा विहारात समतेवर काय सुंदर बोलतात! मी खाली बसून टाळ्या वाजवते आणि घरी येऊन पुन्हा दाराआड उभी राहते.

तर दिव्यांचं सगळं ह्यांना नीट समजावून सांगितलं. हे म्हणाले, "सांगतो दादाले."

२७ नोव्हेंबर

निरोप आला. "दादा म्हणते, ऑइल फुकटचं हाय."

भाऊ पण फुकटचाच आहे ना.

५ डिसेंबर

पुन्हा निरोप पाठवला. परत आला. आता म्हणे लाइटीचा भरोसा नाही, दिवे मधातच बंद पडले तर रंग खराब होईल. अहो, लाइट गेली तर कॉम्प्रेसरही बंद पडतो, फवाराच चालत नाही! एवढी वर्षं गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हे कळत नाही? कळतं सगळं. द्यायचं नाही, दुसरं काय.

मी हे सगळं ह्यांना म्हटलं. हे फक्त मान हलवत होते. भावापुढे तोंड उघडत नाहीत, म्हणूनच तर ही वेळ आली.

१६ डिसेंबर

दादांनी स्वतःच्या बाजूला गाडी उचलायची नवी लिफ्ट बसवली. फीत कापली, पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा मी डब्यात परत टाकला.

त्यांच्या चहात आज साखर टाकली नाही. मुद्दाम! बिनसाखरेचा चहा गुमान पिऊन त्यांनी ग्लास परत पाठवला. मला आणखीच राग आला.

३ जानेवारी

गार वारं सुटलंय. एका जीपचं बॉनेट उचलून आत नेताना हे मधेच पायरीवर बसले. ओठ निळसर. डॉक्टरकडे चला म्हटलं तर माझ्यावरच खेकसले, "कायले? थंडीचं हाय ते." मी दिव्यांचं काढलं. म्हणाले, "दादाले आता इचारू नको, चिडते तो."

चिडू दे! मला त्या माणसाचं तोंड पाहावंसं वाटत नाही. स्वतःच्या पाठच्या भावाला धुरात कोंडून ठेवलंय आणि जेवायला शेजारी घेऊन बसतो.

६ जानेवारी

उद्या मीच बोलणार. रीत गेली चुलीत. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

७ जानेवारी

बोलले. पदर न घेता सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुमचे भाऊ त्या खोलीत मरून राह्यले, दादा, आन् तुमाले फुकटचं ऑइल दिसते."

दादांनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुया एकच निरोप आला मले. तवाच हो म्हटलं मी. त्यानंच नाई म्हटलं. मोठ्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला तवापासून म्हणते, दिव्याइचा खर्च करू नको, पुढच्या हिवाळ्याले मी नसन."

मी रंगखोलीकडे वळून बघितलं.

"मले वाटलं," दादा म्हणाले, "तुले माईत हाय."