शुक्रवारच्या कॅसेटी

टेमघर, भिवंडी
२८ जून २००४

प्रिय साजिदा,

पाकिटातून कॅसेट निघाली म्हणून चक्रावली असशील. ती इतक्यात लावू नकोस. आधी पत्र वाच, आणि क्रमाने वाच. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी शाळेतली खोड महाडला नांदायला गेल्यावरही गेली नसणार, पैज लावते. आमच्या मृणालीचा दहावीचा निकाल लागला. काय लागला ते सांगणारच आहे, पण तीन वर्षं राबलेय बाई मी, मला जरा रंगवून सांगू दे.

चांगदेवदादाला, माझ्या भावाला, तू ओळखतेसच. वडपे गावच्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून त्याचा आवाज जरा जास्तच चढलाय. मृणाली आठवीत नापास झाली तेव्हा त्याने ओटीवर बसून जाहीर केलं, हिच्या डोक्यात काय शिरत न्हाय, दहावीला एकदा बसवतो, उडाली तर लगेच स्थळ बघतो. लेकीवर जीव आहे त्याचा, पण तिच्या भल्याचा त्याचा हिशोब एवढाच. वहिनी रडली, मी कडाकडा भांडले, आणि मृणाली भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिली. तिला शाळा हवी होती गं, मनापासून हवी होती.

आणि डोक्यात शिरत नाही म्हणावं तर आमच्या पार्वतीकाकूंची गोष्ट घे. आमच्या आगरी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण त्या, सगळे विधी त्यांच्या गाण्यावर चालतात. लहानपणापासून मृणाली त्यांच्या मागे मागे फिरायची. मांडव घालण्यापासून वरात निघेपर्यंतचे सगळे धवले तिला तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. घरीसुद्धा पुस्तक धरून घडाघडा वाचायची. आम्ही आपले पेपरात हिला काय होतं म्हणून डोकं धरायचो. मग एका दुपारी ती माझ्यासमोर वाचत बसली होती. पंख्याने दोन-तीन पानं भर्रकन उलटली, आणि बाई, ही आपली मागचाच धडा वाचतेय! पानावर चित्र उंटाचं, आणि हिच्या तोंडी समुद्र. माझ्या अंगावर काटाच आला. वर्गात ऐकलेला धडा ती धवल्यासारखा पाठ करायची आणि पुस्तक नुसतं हातात धरायची. इतकी वर्षं आम्ही कौतुकाने ऐकत होतो आणि पोरीला वाचताच येत नव्हतं!

मी तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. दोन-चार खेपा झाल्या, तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई इतक्या छान बोलल्या ना! म्हणाल्या, पोरीची बुद्धी उत्तम आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरांची आवाजाशी सांगड घालताना तिचा मेंदू अडखळतो. ‘भ’ आणि ‘म’ची गल्लत होते, ओळ सुटते, तुम्ही एक पान वाचता तेवढ्यात ती दोन ओळीच वाचते. हा आळस नाही, गोळ्यांनी बरा होणारा आजारही नाही, आणि आईचं काही चुकलं म्हणून तर मुळीच होत नाही. शिकवायची रीत तेवढी बदलायला हवी. हे ऐकून वहिनी तिथेच बाकावर बसून हमसाहमशी रडली. बिचारीने पोरीला गणेशपुरीच्या गरम कुंडात किती आंघोळी घातल्या होत्या, डोकं उघडावं म्हणून!

मग आम्ही रीत बदलली. धडे मी कॅसेटवर वाचून भरायचे आणि तिने ऐकायचे. पण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम. आवाज भरायला बसलं की शिवाजी महाराजांपेक्षा खटखटच जास्त. म्हणून सगळं शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा. त्यात लाईट गेली की टेपरेकॉर्डरला सेल घाल. अक्षरंही सोडली नाहीत आम्ही. ताटात रवा पसरून बोटाने गिरवायची, ओळीखाली पट्टी धरून वाचायची, पाच मिनिटं झाली की थांबायचं. तुझ्या लेकीबद्दल, मेहविशबद्दल, मी फोनवर विचारलं की तू पावसापाण्याचं बोलायला लागतेस, तो विषय मी विसरलेले नाही बरं का.

बोर्डाची सवलत असते, जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो, हे मुख्याध्यापकांच्या गळी उतरवताना माझा घसा बसला. त्यांना वाटायचं, ही कॉपीची नवी तऱ्हा. मी रोज जाऊन समोरच्या खुर्चीत बसायचे. शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी सही केली. नववीतली तुळजा लेखनिक म्हणून मिळाली, ती प्रश्न वाचून दाखवणार आणि मृणाली सांगेल ते लिहिणार.

पहिल्याच दिवशी केंद्रावर गेलो तर काय, लेखनिकवाल्या मुलीला वेगळी खोली म्हणून अगदी मागची दिली, आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना! धडधड धडधड चालू. शांततेत शिकलेली पोर, तिला प्रश्न तरी ऐकू येणार का? फाटकाबाहेर उभी राहून मी देवांना नवस बोलले, तुमच्या पीरबाबांनाही बोलले, खोटं कशाला सांगू. आणि ही बया बाहेर आली ती हसत. म्हणते कशी, आत्या, मी धवले कुठं शिकले? मांडवात, बँड वाजत असताना ना? मग लूमचं काय घेऊन बसलीस!

पास झाली गं आपली मृणाली! अठ्ठावन्न टक्के, एकही विषय न राहता! दादाने गोदामातल्या हमालांपासून ट्रक ड्रायव्हरांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले, आणि सांगतोय काय, मला पयल्यापासून ठावं होतं. मी म्हटलं, हो बाबा, होतं तुला ठाऊक. कॉलेजच्या अर्जावर सही मात्र त्याने स्वतः पेन मागून केली.

आता तुझ्यावर येते. गेल्या ईदला मी आले होते, तेव्हा मेहविशने पैगंबरांच्या स्तुतीची अख्खी नात न अडखळता म्हटली. मी कौतुकाने मासिक दिलं वाचायला, तर डोकं दुखतं म्हणाली आणि आत पळाली. मला पंख्याखालची दुपार आठवली. आणि परवा मुबश्शिर, तुझा धाकटा भाऊ, बाजारात भेटला, त्याच्याकडून कळलं की जूनपासून तिला शाळेतून काढलीस. रागाव माझ्यावर, खुशाल रागाव, पण तिला घेऊन ये. तपासणीला मी सोबत येते, शाळेशी भांडायचा मला आता चांगला सराव झालाय. कॅसेट मृणालीने भरलीय, गेल्या शुक्रवारी, सहावीच्या इतिहासाचा पहिला धडा. दुसऱ्या बाजूला काही नाही. ती मेहविशसाठी कोरी ठेवलीय, धडा ऐकून झाला की तिने तो आपल्या शब्दांत त्यावर सांगायचा, असा ताईचा निरोप आहे. आता लाव कॅसेट, आणि खोलीत मेहविशला एकटीला बसू दे.

पत्राच्या उत्तराऐवजी महाडच्या एस.टी.ची वाट पाहणारी,
तुझीच
निशा